बंधाऱ्याचे बरगे

श्रोते हो, सादर नमस्कार आणि प्रजासत्ताक दिनाच्या मनःपूर्वक शुभेच्छा. झेंडावंदन आटोपून आणि जिलेबीचा पुडा घेऊन आपण एव्हाना घरी परतला असाल, कारण 26 जानेवारीला जिलेबी आली नाही असे घर कोल्हापुरात शोधूनच काढावे लागेल. आजच्या भाषणाचा विषय मला दिला आहे तो देशप्रेम आणि देशाचे भवितव्य. विषय मोठा आहे, वेळ थोडा आहे आणि मी काही विचारवंत नाही, म्हणून हा विषय मी एका बंधाऱ्यावरून सांगणार आहे.

तत्पूर्वी एक गोष्ट, जी आपल्या भागातल्या मुलांना अधूनमधून सांगावी लागते. आपले आजोबा-पणजोबा जन्मले ते करवीर म्हणजेच कोल्हापूर संस्थानचे प्रजाजन म्हणून. 15 ऑगस्ट 1947 रोजी देश स्वतंत्र झाला, परंतु कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले ते 1 मार्च 1949 रोजी. आता विचार करा, की 13 डिसेंबर 1942 रोजी गारगोटीच्या कचेरीवर चालून गेलेल्यांपैकी जे सात जण हुतात्मे झाले, त्यांनी ज्या देशासाठी प्राण दिले त्याचे संविधान, त्याचे सरकार, त्याचा नकाशा यांपैकी काहीही तेव्हा तयार नव्हते. त्यांच्या लेखी देश ही पुढे व्हायची गोष्ट होती. पुढे संविधान लिहिले गेले तेव्हा संविधान सभेत शिरोळ तालुक्यातल्या निमशिरगावचे रत्नाप्पा कुंभार होते, ज्यांनी बेचाळीसच्या लढ्यात भूमिगत राहून काम केले होते. राधानगरीच्या धरणाचेही तसेच. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर ते काम काढले. 6 मे 1922 रोजी महाराज गेले तेव्हा ते अपुरे होते आणि पुरे झाले ते स्वातंत्र्यानंतर. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे उघडले की नाही, याची चौकशी आज आपण पावसाळाभर चहा घेता घेता करतो, पण ते पाहणे महाराजांच्या वाट्याला आले नाही.

आता बंधारा. महाराष्ट्रात कुठेही गेलात तरी पाटबंधाऱ्याची माणसे ‘केटी’ म्हणतात, त्यातला ‘के’ आपल्या कोल्हापूरचा आहे. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. नदीच्या पात्रात दगडी खांब, खांबांना खाचा आणि त्या खाचांत एकावर एक बसवायच्या फळ्या, ज्यांना आपण बरगे म्हणतो. बरग्यांच्या दोन रांगा करून मधल्या पोकळीत माती ठासून भरायची, म्हणजे पाणी झिरपत नाही. परतीचा पाऊस सरला की बरगे घालायचे आणि मृगाच्या आत काढायचे. पुन्हा सांगतो, कारण पुढची सारी गोष्ट यावर उभी आहे: पावसाळा गेला की बरगे घालायचे, पावसाळा यायच्या आत काढायचे. घातले नाहीत तर उन्हाळ्यात पिके वाळतात, काढले नाहीत तर पुराचे पाणी तुंबते. हे काम दर वर्षी नव्याने करावे लागते आणि एकदा करून कायमचे सुटत नाही.

मी कॉलेजात शिकत होतो त्या काळातली गोष्ट. भोगावतीकाठचे आमच्या आजोळचे गाव. त्या वर्षी दसरा होऊन गेला, नदी उतरली, तरी बरगे घालायचे चिन्ह दिसेना. संबंधित कचेरीतून उत्तर आले की निम्मे बरगेच जागेवर नाहीत, नवे मंजूर व्हायला पुढचे वर्ष उजाडेल. गावात नुकतीच निवडणूक होऊन गेली होती. आपल्याकडची निवडणूक म्हणजे काय असते ते आपणांस ठाऊक आहे. सख्खे भाऊ एकमेकांच्या दारातली वाट सोडतात आणि दुधाचे कॅनसुद्धा दोन वेगळ्या डेअऱ्यांना जाते. त्यामुळे ग्रामपंचायतीच्या चावडीत बैठक बसली, ती बरगे कुणी पळवले याच्यावरच दोन तास चालली. या पार्टीने त्या पार्टीचे नाव घ्यायचे, त्या पार्टीने या पार्टीचे.

गावात पलटणीतून निवृत्त झालेले एक सुभेदार होते. सारे गाव त्यांना सुभेदार तात्या म्हणे. तात्या बराच वेळ ऐकत बसले आणि मग उठून म्हणाले, “पाणी काय कुठल्या पार्टीचं आसतंय व्हय रं? उद्या आडीवलं न्हाई तर दोन्ही पार्ट्यांचा ऊस वाळंल, तवा बसा मोजत कुणाचा जास्ती वाळला.” एवढे बोलून ते थेट मारुतीच्या देवळात गेले आणि काकड्याला लावायचा भोंगा त्यांनी सुरू केला. भोंग्यावरून तात्यांनी जे सांगितले ते मला शब्दशः पाठ आहे: “ग्रामस्थ बंधू-भगिनींना कळविण्यात येतंय, की बंधाऱ्याचे बरगे ज्यांनी ज्यांनी आपल्या घरी सांभाळायला ठेवले आहेत, त्यांचे गाव आभारी आहे. त्यांनी ते उद्या सकाळी बंधाऱ्यावर पोच करावेत. ज्यांना पहाटे अंधारातच आणायचे असतील त्यांच्यासाठी तिथे कुणीही उभे राहणार नाही.”

श्रोते हो, कुणीही उभे राहणार नाही! तात्यांनी कुणाला चोर म्हटले नाही, कुणाचे नाव घेतले नाही, पंचनामा केला नाही. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही पोरे बंधाऱ्यावर गेलो तर तिथे बरग्यांचा ढीग. एकावर शेणाचे वाळके पोपडे होते, म्हणजे तो गोठ्यात गव्हाणीला लावलेला असणार. एकाला खिळे आणि बिजागरीची खूण, तो कुणाच्या तरी परसाचा दरवाजा होता. एकावर पीठ सांडून पांढरा पट्टा पडला होता. ज्या माणसाच्या घरी तो फळी म्हणून डब्यांखाली होता, तो आमच्याबरोबरच उभा राहून “कोण आसंल रं हे?” असे मोठ्या निरागसपणे विचारत होता, आणि तात्या त्याला तितक्याच गंभीरपणे “कोण की बाबा” म्हणत होते.

मोजणी झाली आणि खरी गंमत पुढेच आहे. बरगे कमी पडायच्या ऐवजी जास्त भरले. चार-सहा बरगे असे निघाले की ते आमच्या खाचांत बसेनात, रुंदीला वेगळे. थोड्या वेळाने उलगडा झाला. ते खालच्या अंगाच्या शेजारगावच्या बंधाऱ्याचे होते. त्या गावाने आमच्या गावाला या बरग्यांवरून कित्येक उन्हाळे चोर ठरवले होते आणि आमच्या गावाने कित्येक उन्हाळे छातीवर हात ठेवून ते नाकारले होते. आता काय करायचे? एक जण म्हणाला, नदीत सोडून द्या, वाहत जातील आपोआप. तात्यांनी ट्रॅक्टर मागवला, तोही विरुद्ध पार्टीचा, बरगे त्यात भरले आणि दोन्ही पार्ट्यांचे पुढारी शेजारी शेजारी बसवून शेजारगावी रवाना केले. त्या पुढाऱ्यांची तोंडे मी आजही विसरलेलो नाही. चार दिवस गाव बंधाऱ्यावर खपले. माती बायकांनी बुट्ट्यांतून वाहिली, आणि तळाचा बरगा गार पाण्यात बुडी मारून बसवला तो पराभूत उमेदवाराच्या थोरल्या मुलाने. उन्हाळ्यात डोहात पाणी राहिले. पुढच्या निवडणुकीत गाव पुन्हा तितक्याच जोरात भांडले, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

मी देशप्रेम म्हणतो ते याला. प्रासंगिक घोषणांना माझा विरोध नाही, मात्र शाळेच्या मैदानावर मुलांना उन्हात उभे करून पाऊण तास भाषण ठोकणाऱ्या पाहुण्यांना माझा जाहीर विरोध आहे, आणि तो मी या निमित्ताने नोंदवून ठेवतो. मुलांना त्या दिवशी नदीवर न्यावे. प्रयाग चिखलीला चार नद्यांचे पाणी कसे एक होते आणि पाचवी कुठली मानतात, हे तिथे उभे राहून सांगावे.

भवितव्याची चिंता आपल्याला नाही असे नाही. 2005, 2019 आणि 2021 चे महापूर आपण पाहिले. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, हे आकडे आता चौथीतल्या पोरालाही पाठ आहेत, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेले होते. त्या दिवसांत तालमीची पोरे नावेतून कुणाकुणाला बाहेर काढत होती, तेव्हा नाव कुठल्या पार्टीची ते कुणी विचारले नाही. माझी आशा त्या पोरांवर आहे. फक्त पूर ओसरल्यावरही त्यांनी नदीकडे फिरकावे, कारण नदीचे खरे काम उरलेल्या दहा-अकरा महिन्यांत असते.

आता बऱ्याच ठिकाणी लाकडी बरगे जाऊन लोखंडी आले आहेत, आणि लोखंडाला भंगाराच्या बाजारात भाव असल्याने ते परसाच्या दाराला न लागता थेट वजनकाट्यावर जातात. तिथे तात्यांचा भोंगा चालायचा नाही, तिथे हिशेब लागेल. आज 26 जानेवारी आहे आणि गावोगावी ग्रामसभा भरणार आहे. दुपारी तिथे जाऊन बसा, आणि आपल्या बंधाऱ्याला बरगे किती लागतात, आज जागेवर किती आहेत, पावसाळ्यात ते कोणाच्या ताब्यात आणि कुठल्या कुलपात ठेवले जातात, हे उभे राहून विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. नमस्कार.