जिना बांधताना पैसा कुठे वाचवावा

नमस्कार श्रोतेहो.

मुंबईच्या गावठाणांत घर वाढवायचं तर माडीच चढवावी लागते, आणि माडी आली की जिना आला. दहिसरच्या आमच्या घरी जिन्याचं काँक्रीट आधी ओतलं, फरशी मागाहून बसवली. खाली-वर दोन्हीकडे फरशी अडीच इंच चढली, पायरीवरचा कोटा दगड सिमेंटच्या मसाल्यासकट जेमतेम इंचभर. पहिली पायरी दीड इंच बुटकी झाली, वरची शेवटची तेवढीच उंच. आई दोनदा अडखळली. मग तोडफोड, पुन्हा मसाला, पुन्हा मजुरी. वाचवलेलं सगळं त्यात गेलं.

म्हणून मिस्त्रींना उंचीचं माप द्याल ते खालच्या तयार फरशीपासून वरच्या तयार फरशीपर्यंतचं. दहा फूट म्हणजे १२० इंच. सतरा पायऱ्या केल्या तर एकेकीची उंची सात इंचांच्या किंचित वर येते. जागा वाचवायला पंधराच केल्या, तर आठ इंच, म्हणजे २०३ मिलिमीटर. राष्ट्रीय इमारत संहिता घरातल्या जिन्याला १९० पर्यंतच उंची मान्य करते, आणि पाऊल ठेवायला निदान २५० मिलिमीटर जागा मागते. इथे काटकसर नको. गुडघे दुखणारं माणूस दिवसातून दहादा चढतं-उतरतं हो!

काटकसर करायची ती दगडात. ग्रॅनाइटपेक्षा राजस्थानातला कोटा स्वस्त आणि चिवट. गुळगुळीत पॉलिश मात्र पावसाळ्यात घसरतं, पायरीच्या कडेला दोन खाचा पाडून घ्या. जिन्याची रुंदी ठरवण्याआधी दुकानात लादीची लांबी बघा. सहा फुटी लादीतून जेमतेम तीन फुटांच्या दोन पायऱ्या निघतात. सव्वातीन फूट धरलीत तर प्रत्येक लादीमागे मोठा तुकडा वाया. कडेची गोलाई रनिंग फुटावर, म्हणजे कडेच्या लांबीवर आकारतात, तीही साधी ठेवा. उभ्या बाजूला दगड लावायची गरजच नाही, सिमेंट गिलावा आणि रंग पुरतो.

कठड्याला स्टीलच हवं असेल तर ३०४ ग्रेड मागा. स्वस्तातलं २०२ खाऱ्या हवेत लवकर डागाळतं. बजेट नसेल तर साधे लोखंडी चौकोनी बार, गंज रोखणारं रेड ऑक्साइड आणि रंग. दर काही वर्षांनी हात मारावा लागतो, तरी परवडतं. आम्ही हात धरायला पाडलेल्या चाळीतलं जुनं सागवान घेतलं. मुरलेलं लाकूड, वाकत नाही. खिळे तेवढे आधी काढून घेतले, नाहीतर सुताराच्या रंध्याचं पातं जातं.