झिजणारं, उगवणारं व्याकरण

जुन्या मराठी पुस्तकांत 'घरांत' असं छापलेलं दिसतं, 'रा'वर अनुस्वार देऊन. तो अनुस्वार 'अंतः' या संस्कृत शब्दाची खूण होता. 'आत' या अर्थाचा हा स्वतंत्र शब्द झिजत झिजत प्रत्यय झाला, आणि १९६२च्या लेखननियमांनंतर ते टिंबही गेलं.

पण 'अंतः'ची गरज मुळात का पडली? संस्कृतात 'गृहे' म्हटलं की शेवटच्या एका स्वरात काम भागायचं. पुढे विभक्तीचे हे प्रत्यय उच्चारात पुसट झाले. अर्थ तर पोचवायचाच होता, म्हणून बोलणाऱ्यांनी एक धडधाकट शब्द मदतीला घेतला. तोही झिजला. आता आपण 'घरामध्ये' म्हणतो, आणि 'मध्य' त्याच वाटेला लागला आहे.

लॅटिनमध्ये हे चक्र फार स्पष्ट दिसतं. 'मी गाईन' म्हणजे 'कान्ताबो'. यातला 'बो' आणि संस्कृतचा 'भू' धातू एकाच मुळातले. म्हणजे हा प्रत्ययही पूर्वी क्रियापदच होता. पुढे दोन स्वरांमधल्या 'ब' आणि 'व' यांचे उच्चार एक झाले. मग 'कान्ताबित' (तो गाईल) आणि 'कान्तावित' (तो गायला) ही रूपं कानाला सारखीच वाटू लागली! लोक 'कान्तारे हाबेओ' म्हणू लागले. शब्दशः अर्थ, गायचं माझ्याकडे आहे. फ्रेंचमध्ये हे दोन शब्द जुळून 'शांतरे' झालं. शेवटच्या 'ए'मध्ये अख्खं 'हाबेओ' सामावलं आहे. आणि आज बोलताना फ्रेंच माणूस 'गायला जातो' अशी रचना करून भविष्यकाळ सांगतो. इंग्रजीतलं 'गोइंग टू' तर झिजून 'गना' झालंसुद्धा.

शब्दाचं असं व्याकरणात रूपांतर होण्याला फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांनी १९१२ साली नाव दिलं: व्याकरणिकीकरण.

या झिजेला भाषेचा ऱ्हास म्हणणं अन्यायाचं आहे. मराठीचा भूतकाळच बघा. संस्कृतची लङ्, लिट्, लुङ् ही भूतकाळाची रूपं लोकांच्या बोलण्यातून गेली. त्यांची जागा 'तेन पत्रं लिखितम्' अशा कर्मणी रचनेने घेतली. तिच्यात क्रियारूप कर्माप्रमाणे चालतं. म्हणूनच आजही लिहिणारा 'तो' असला, तरी आपण 'त्याने चिठ्ठी लिहिली' असंच म्हणतो.