गाडी किती खाली बसवायची, ते नंतर

[दृश्य: मोकळा रस्ता. ताकदवान इंजिनाची, चार दारांची गाडी जोरात ब्रेक मारते. कॅमेरा जमिनीलगत.]

गाडीच्या नाकाकडे लक्ष ठेवा. ब्रेक लागला, नाक खाली गेलं. इथपर्यंत ठीक आहे, वजन पुढे सरकणारच. पण गाडी थांबल्यावर नाक वर आलं, परत खाली गेलं आणि आणखी एकदा वर आलं. शॉकअप, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर, धडधाकट असते तर ही झोकांडी पहिल्याच उसळीत जिरली असती.

या गाडीचं इंजिन दमदार आहे, ब्रेक मोठे आहेत, टायर रुंद आहेत. शॉक मात्र कारखान्यातून निघताना लावलेले, तेच आहेत. त्यांचा त्रास असा, की ते एका दिवसात मरत नाहीत. आतलं तेल पातळ होतं, वायूचा दाब उतरतो, सील झिजतं, आणि चालवणारा तेवढ्याला सरावत जातो. वळणावर आपण पूर्वीपेक्षा आधी पाय उचलतोय, हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

बोनेट दाबून सोडायचं आणि गाडी किती वेळा हलते ते मोजायचं, ही चाचणी सगळ्यांना माहीत असते. पुरता मेलेला शॉक तिच्यात सापडतो, अर्धमेला नाही. त्यापेक्षा टायरवर तळहात फिरवा. चाकाच्या घेरात ठरावीक अंतराने खळगे लागले, तर ते चाक रस्त्यावर टेकून राहत नाही, टणटणत चाललंय. शॉकच्या नळीवर तेलाचा नुसता ओलसरपणा असेल तर घाबरायचं कारण नाही. ओघळ दिसला, त्यावर धूळ बसून चिखल झाला असेल, तर विषय संपला.

[दृश्य: टेबलावर सुटी स्प्रिंग, शेजारी शॉक.]

या दोघांची कामं वेगळी आहेत आणि गोंधळ इथेच होतो. गाडीचं वजन तोलते स्प्रिंग. खड्डा आला की ती दबते, ऊर्जा साठवते आणि परत देऊन टाकते. ती परत आलेली ऊर्जा खाऊन तिची उष्णता करायची, हे शॉकचं काम. गाडी किती कलणार हे मुख्यतः स्प्रिंग आणि अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून कलणं रोखणारा दांडा) ठरवतात. ती किती झटकन कलणार आणि कलल्यावर कधी स्थिर होणार, ते शॉक ठरवतो.

बाजारात स्प्रिंग विकली जाते ती मात्र एकाच आकड्यावर: गाडी किती मिलिमीटर खाली येणार. तीस, चाळीस, पन्नास. फोटोत दिसतं तेवढंच. माझ्या मते हा निवडीतला सगळ्यात शेवटचा आकडा असायला हवा.

पहिला आकडा आहे कंपनाचा. गाडीच्या एका कोपऱ्यावर, म्हणजे एका चाकापाशी, स्प्रिंगने तोललेलं वजन 400 किलो धरा. हा कोपरा सेकंदाला 1.3 वेळा वरखाली व्हायला हवा असेल, तर चाकापाशी मिलिमीटरमागे साधारण 27 न्यूटनचा ताठपणा लागतो. घरगुती वापराच्या गाड्या सेकंदाला एक ते दीडच्या मध्ये असतात. जोरकस सेडान दीडच्या पुढे जाते. दोनच्या वर गेलात की रोजच्या रस्त्यावर पाठीला कळायला लागतं. गंमत अशी, की ताठपणा आणि कंपन यांचं नातं वर्गमुळाचं आहे. 1.3 वरून 1.5 वर जायला स्प्रिंग तेहतीस टक्के ताठ करावी लागते. म्हणजे डब्यावर ‘तीस टक्के जास्त कडक’ असं लिहिलेली स्प्रिंग वाटते तेवढी राक्षसी नसते.

इथे ‘चाकापाशी’ हा शब्द महत्त्वाचा. स्प्रिंग चाकावर बसलेली नसते, आत आर्मवर, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्यावर, कुठेतरी असते. चाक 10 मिलिमीटर उचललं आणि स्प्रिंग 7 मिलिमीटरच दबली, तर चाकाला स्प्रिंगचा निम्माच ताठपणा मिळतो, कारण या गुणोत्तराचा वर्ग होतो. म्हणून पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगचे छापील आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही. बऱ्याच गाड्यांत मागची स्प्रिंग आकड्याने दणदणीत दिसते ती याच कारणाने.

पुढचं-मागचं गणित बसवलं मॉरिस ऑली या अभियंत्याने, 1930 च्या दशकात, कॅडिलॅकसाठी काम करताना. ताशी 72 किलोमीटरने जाणाऱ्या गाडीची पुढची चाकं उंचवट्यावरून गेली, की मागची तिथे पोचायला सेकंदाचा जेमतेम सातवा हिस्सा लागतो. मागचा भाग उशिरा उसळतो. दोन्ही टोकांची लय सारखी असेल तर गाडी बराच वेळ पुढे-मागे डुलत राहते. ऑलीने सांगितलं, मागची लय थोडी जलद ठेवा, म्हणजे मागचा भाग पुढच्याला गाठतो आणि गाडी सपाट बसते. पुढच्या स्प्रिंग एका कंपनीच्या आणि मागच्या दुसऱ्या कंपनीच्या लावणारे नेमकं हेच मोडून ठेवतात.

[दृश्य: कॅलिपरने स्प्रिंगच्या तारेची जाडी मोजताना हात.]

बारा मिलिमीटर. आता शेजारची, तेरा मिलिमीटर. नजरेला फरक जाणवत नाही. पण वेटोळ्याचा व्यास आणि वेढे तेवढेच असतील, तर दुसरी स्प्रिंग अडतीस टक्के ताठ आहे, कारण ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर चालतो. वेढे कमी केले तरी स्प्रिंग ताठ होते. ग्राइंडरने स्प्रिंग कापणारे हेच करतात, पण किती ताठ झाली ते त्यांनाही ठाऊक नसतं आणि कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही. त्यावर अधिक बोलण्यात हशील नाही.

आता खाली बसवण्याचं. समजा चाकाला वर यायला, बंप स्टॉपला (चाकाची वरची हद्द ठरवणाऱ्या रबरी ठोकळ्याला) टेकेपर्यंत, 60 मिलिमीटर जागा होती. गाडी 35 खाली आणली. उरले 25. भर वेगात वळण घेताना बाहेरचं चाक ते पंचवीस सहज संपवतं, आणि बंप स्टॉपवर आदळताच त्या कोपऱ्याचा ताठपणा एकदम काही पट होतो. पुढचं चाक असेल तर गाडी वळायचं सोडून सरळ जाऊ पाहते, मागचं असेल तर शेपूट सुटतं. चालकाला वाटतं टायरने दगा दिला.

मॅकफर्सन स्ट्रटच्या, म्हणजे शॉक आणि स्प्रिंग एकाच खांबात असलेल्या, गाडीत आणखी एक अडचण असते. गाडी खाली आली की लोअर आर्मचं चाकाकडचं टोक वर उचललं जातं, आणि गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा जास्त घसरतो. दोघांमधलं अंतर वाढतं, म्हणून गाडी खाली येऊनही तिची कलायची ओढ वाढते. खाली आणणारी स्प्रिंग कडकही असावी लागते, ती यासाठी. वीस-पंचवीस मिलिमीटरपर्यंत हे सगळं आटोक्यात राहतं. त्यापुढे मी तरी रोजच्या गाडीला हात लावणार नाही.

[दृश्य: कापून उघडा केलेला शॉक. पिस्टन हळूहळू वरखाली.]

शॉकच्या आत पिस्टन आहे, तेल आहे आणि पिस्टनमधल्या भोकांवर पातळ चकत्यांची चळत आहे. तेल त्या चकत्या वाकवून वाट काढतं. सगळी जादू त्या चकत्यांत. पिस्टन हळू सरकतो तेव्हा गाडी कलत असते, नाक खाली जात असतं. पिस्टन झटक्यात सरकतो तेव्हा चाक खड्ड्यात पडलेलं असतं. चांगला शॉक पहिल्या वेळी घट्ट धरतो, दुसऱ्या वेळी सोडून देतो. ‘लो स्पीड’ आणि ‘हाय स्पीड’ हे शब्द पिस्टनच्या वेगाचे आहेत, गाडीच्या नव्हे.

शॉकच्या दोन जाती. एका नळीत दुसरी नळी असलेला ट्विन-ट्यूब, आणि एकाच जाड नळीचा मोनोट्यूब. मोनोट्यूबमध्ये तरंगता पिस्टन तेल आणि नायट्रोजन वेगळे ठेवतो, त्यामुळे तेलाला फेस येत नाही, आणि नळी थेट हवेत असल्याने उष्णताही लवकर निघते. ही कल्पना फ्रेंच संशोधक ख्रिस्तियान बूर्सिए द कार्बोन यांची. शॉक बनवणाऱ्या बिल्स्टाइन कंपनीने 1950 च्या दशकात ती मर्सिडीज-बेंझच्या गाड्यांपर्यंत पोचवली. म्हणून ट्विन-ट्यूब टाकाऊ ठरत नाही. कोनी कंपनीचा पिवळा ‘स्पोर्ट’ ट्विन-ट्यूबच आहे, आणि त्याचा परतीचा जोर कमी-जास्त करता येतो. हा परतीचा जोर, म्हणजे रिबाउंड, कडक स्प्रिंगला आवरतो.

जुन्या शॉकवर फक्त नवी कडक स्प्रिंग चढवणं महागात पडतं ते इथेच. स्प्रिंग जास्त ऊर्जा परत फेकते, ती पकडायला शॉकची तयारी नसते, आणि गाडी कडकही होते, उसळतेही. उलटं चालतं. मूळ स्प्रिंग तशीच ठेवून नवा चांगला शॉक लावला तर बऱ्याच सेडान ओळखू येणार नाहीत इतक्या बदलतात. बिल्स्टाइनचा बी6 मूळ उंचीसाठीच आहे; बी8 आखूड, तो खाली आणणाऱ्या स्प्रिंगसाठी. दोघांची अदलाबदल केली तर खाली बसवलेल्या गाडीत लांब शॉक तळाला टेकतो आणि मूळ उंचीच्या गाडीत आखूड शॉक ताणला जातो. सुटे भाग मागवताना ही चूक फार होते.

गाडीत बटणावर बदलणारे इलेक्ट्रॉनिक शॉक असतील तर साधा शॉक लावताच डॅशबोर्डवर दिवा पेटेल. त्याची सोय आधी बघून ठेवा.

[दृश्य: गाडी लिफ्टवर. चाकं काढलेली.]

पाना लावायच्या आधी एक काम. गाडी सपाट जमिनीवर असताना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही बाजूंनी मोजून लिहून ठेवलंय. हे लागणार आहे, लक्षात असू द्या.

पुढचा स्ट्रट सोडवताना अँटी-रोल बारची लिंक आधी सुटते, मग ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर ब्रॅकेटमधून बाहेर येते. हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, बाहेर कलंडू द्यायचा नाही. तो दोरीने बांधलेला दिसतोय, कारण तो लोंबकळला तर ॲक्सलचा जॉइंट आतून सुटू शकतो आणि ब्रेकचा पाइप ताणला जातो.

आता धोक्याची जागा. ही स्प्रिंग मिलिमीटरमागे 30 न्यूटनची आहे आणि दीडशे मिलिमीटर दाबलीय. म्हणजे तिच्यात साडेचारशे किलोहून जास्त वजनाइतका जोर अडकलेला आहे. हा नट घाईत सोडला तर वरचं माउंट छतापर्यंत जाईल, वाटेत तोंड असलं तर तोंडासकट. स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेसरचे दोन्ही हुक समोरासमोर, जास्तीत जास्त वेढे पकडून, आणि दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे. स्प्रिंग बैठकीवर हाताने हलायला लागली की मगच मधला नट.

मदतीला असलेला पोरगा नव्या स्ट्रटच्या नटावर हवेची गन धरतो. “गन ठेव बाजूला,” मिस्त्री म्हणतात, “रॉड आत गरागरा फिरेल, नवं सील आजच जाईल.” रॉड ॲलन कीने धरायचा, नट पान्याने फिरवायचा. चकचकीत रॉडला पक्कड तर लावायचीच नाही. त्यावरचा एक ओरखडा सील खरवडत राहतो.

वरचं माउंट, बेअरिंग, बंप स्टॉप, डस्ट कव्हर आणि लॉक नट नवे घ्या. जुनं बेअरिंग नव्या शॉकवर चढवलं तर स्टेअरिंग फिरवताना कटकट येते आणि सगळं परत खोलावं लागतं. स्प्रिंगचं टोक बैठकीतल्या खाचेला टेकलंय का, तेही बघा.

आता कॅमेरा जवळ नेऊ. लोअर आर्मचा बुश. बाहेर लोखंडी कडं, आत लोखंडी नळी, मध्ये रबर. बोल्ट घट्ट केला की आतली नळी जागीच जखडते आणि आर्म हलतो तो फक्त रबर पिळून. गाडी लिफ्टवर असताना आर्म खाली लोंबतोय. याच स्थितीत बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर येताच रबराला कायमचा पीळ बसतो. गाडी कडक वाटते, उंची चुकीची दिसते आणि काही महिन्यांत रबर फाटतं. शिव्या मात्र नव्या स्प्रिंगला बसतात.

“थांब, आत्ता नको आवळूस. वजन येऊ दे आधी.” बोल्ट हलकेच लावून, हबखाली जॅक देऊन, मघाशी लिहिलेल्या अंतरातून गाडी जेवढी खाली येणार तेवढं वजा करून चाक त्या उंचीला आणतात. मग टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला जोर आला की टक् वाजणारा पाना. टक्. गाडीच्या पुस्तकात दिलेला आकडा, त्यात अंदाज नाही. एकदाच वापरायचे म्हणून सांगितलेले बोल्ट नवे.

मागे बहुतेक सेडानमध्ये स्प्रिंग आणि शॉक वेगळे असतात. आर्मला जॅकचा आधार देऊन तो सावकाश उतरवला की स्प्रिंग हातात येते. रबरी बैठका विसरू नका. दोन्ही बाजू नेहमी जोडीने बदलायच्या.

[दृश्य: व्हील अलाइनमेंटचा पडदा.]

उंची बदलली म्हणजे टो (चाकं पुढून आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) आणि कॅम्बर (चाक वरून आत-बाहेर कललेलं असण्याचा कोन) दोन्ही बदलले. अलाइनमेंट न करता गाडी पिटाळली तर टायरची आतली कड आधी जाते. हेडलाइटचा झोतही परत लावून घ्यावा लागतो. स्प्रिंग काहीशे किलोमीटरमध्ये आणखी थोडी बसते. तेव्हा उंची पुन्हा मोजा, बोल्ट पुन्हा तपासा, अलाइनमेंट पुन्हा बघा.

शॉकला रिबाउंड बदलायची घुंडी असेल तर ती पूर्ण बंद करून तिथून किती टिचक्या उघडली ते मोजा, नाहीतर डाव्या-उजव्याचा मेळ बसणार नाही. सुरुवात मधोमध. एका वेळी एकाच टोकाला दोन टिचक्या, रस्ता तोच, टायरमधली हवा तीच. लागोपाठच्या उंचवट्यांवर गाडी खाली खाली बसत चालली, तर रिबाउंड जास्त झालाय, स्प्रिंगला परत उलगडायला वेळ मिळत नाहीये. दोन टिचक्या उघडा. एकाच उंचवट्यानंतर गाडी तरंगत राहिली, तर दोन बंद करा.