सातात आठ: तीन भावंडांचा जॅझ

(दृश्य: मेट्रोनोम, मग हाय-हॅटच्या पेडलवरचा पाय)

लय मोजून देणाऱ्या मेट्रोनोमचा ठोका मिनिटाला फक्त ३० वेळा पडतोय. सात मात्रांच्या आवर्तनाला एकच ठोका, तोही समेवर. म्हणजे मात्रा मिनिटाला २१०. मधल्या सहा या तिघांनी आपापल्या अंगात मोजायच्या.

पियानोवर थोरली बहीण. तिच्या डाव्या हाताकडे पाहा: दोन, दोन, तीन. आपल्या रूपकात तीनचा गट आधी येतो. इथे तो शेवटी आहे आणि चूक नेमकी तिथेच होते. कानाला आठाची सवय. तीनवर हात रेंगाळला की साताचे आठ होतात, घाई झाली की सहा. म्हणून हा गट आधी तोंडाने म्हणायचा, मग टाळीवर धरायचा, वाद्य सगळ्यात शेवटी.

(दृश्य: राइड झांज, जवळून)

ड्रम्सवर मधला भाऊ. पियानो सातात चाललाय, तरी याची झांज आठाच्या चालीत. दोघांची गाठ ५६ मात्रांनी पडते: पियानोची आठ आवर्तनं, झांजेची सात. या लयीत १६ सेकंद. हा शॉट कुठेही कापलेला नाही, मोजून बघा.

बिघडतं ते झांजेच्या जोरामुळे. तिच्या पहिल्या मात्रेवर वजन वाढलं की बाकीचे तीच सम धरून बसतात. त्यावर उपाय हा डावा पाय: हाय-हॅट, म्हणजे पायाने मिटणारी झांजांची जोडी, पियानोच्या समेवर बंद होते. पाय सातात, उजवा हात आठात. हे जमायला वेळ लागतो आणि तो द्यावाच लागतो. या संगीताचा कणा तिथेच आहे.

(दृश्य: बासच्या तारेवरची बोटं)

धाकटीचा डबल बास अर्ध्या मापाचा आहे. खालच्या जागांवर पहिलं, दुसरं आणि चौथं बोट. तिसरं फक्त चौथ्याला आधार देतं. तिसऱ्यावर भिस्त ठेवली की हात आखडतो, सूर उतरतो. कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहाचा, मूळ स्वर तिच्याकडे असल्याने थोरली तो डाव्या हातातून काढून टाकते आणि त्यापासूनचा तिसरा, सातवा स्वर ठेवते. दोघींनी खाली गर्दी केली तर सगळं गढूळ होतं.

रक्तातच असतं, असं म्हटलं जातं. अमेरिकन जॅझमधल्या जोन्स बंधूंबद्दलही म्हटलं गेलं असेल: पियानोवर हँक, ट्रम्पेटवर थॅड, ड्रम्सवर एल्विन. भावंडं असण्याचा रोजचा फायदा मात्र साधा आहे. ‘तुझी सम चुकली’ हे तोंडावर सांगता येतं आणि अर्ध्या तासाने पुन्हा एकत्र बसता येतं.

ध्वनिमुद्रण एकाच खोलीत, हेडफोनशिवाय. पियानोचं झाकण अर्धंच उघडं, माइक आत तारांवर, ड्रम्सकडे पाठ करून. तरी झांज त्यात शिरतेच, त्यामुळे एकट्याची चूक नंतर दुरुस्त होत नाही. टेक तिघांचा ठेवायचा किंवा तिघांचा टाकायचा.

हा ठेवलेला आहे. शेवटाकडे बासची एक सम उशिरा येते. पुढच्या दोन आवर्तनांत तिघं ती सावरतात.

(दृश्य: पूर्ण टेक, निवेदन नाही)