१,४६,६७९

बंधू-भगिनींनो,

आपल्या प्रत्येक चर्चमध्ये फादरांच्या खोलीत एक कपाट असतं. त्यात बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या आणि दफनाच्या वह्या असतात. वारस लावायचा असो की जन्माचा दाखला हवा असो, आपण फादरांकडे जातो. फादर वही उघडतात, बोट फिरवत फिरवत खाली येतात आणि म्हणतात, हे बघ, हे तुझे आजोबा. माणूस या गावात होता याला ती ओळ पुरावा असते.

श्रीलंकेतल्या मन्नारचे बिशप, म्हणजे आपण वसईत म्हणतो तसे महागुरू, रायप्पू जोसेफ यांच्याबद्दल आज मला बोलायचं आहे. १९९२ ते २०१६ ते त्या धर्मप्रांताचे प्रमुख होते. युद्ध आणि विस्थापितांच्या प्रश्नात चर्चने काय करावं, असं मला कुणी विचारलं की मला त्यांची एक वजाबाकी आठवते.

२००९ च्या मे महिन्यात मुल्लिवायक्कालच्या किनारपट्टीवर श्रीलंकेचं सव्वीस वर्षांचं युद्ध संपलं. एका बाजूला सैन्य, दुसऱ्या बाजूला वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणारी लिट्टे आणि मधल्या चिंचोळ्या वाळूत माणसं. बाहेर पडू पाहणाऱ्यांवर लिट्टेने गोळ्या झाडल्या, घराघरातून पोरं-पोरी लढायला ओढून नेल्या. ज्या भागाला सरकारने सुरक्षित म्हटलं होतं, तिथेच सैन्याच्या तोफांचे गोळे पडत राहिले.

त्या वेळी सरकार म्हणत होतं की आत सत्तर हजारांच्या आसपास लोक आहेत. आता हे नीट लक्षात घ्या. सत्तर हजार म्हटले की तांदूळ सत्तर हजारांचाच जातो. औषधं, सलाइन, बाळांची दूध पावडर, सगळं त्याच हिशेबाने. जो माणूस कागदावर नाही, त्याच्या ताटात काही पडत नाही. युद्ध संपलं तेव्हा बाहेर आले पावणेतीन लाखांहून जास्त. वव्हुनियाजवळ मेनिक फार्म नावाची काटेरी तारांची छावणी उभी केली होती, बहुतेकांना तिथे कोंडलं. शेवटची माणसं तिथून निघाली २०१२ च्या सप्टेंबरमध्ये, आणि त्यातल्या काहींना स्वतःच्या गावी जाताच आलं नाही, कारण गावात सैन्याचा तळ बसला होता.

जानेवारी २०११. सरकारने नेमलेला चौकशी आयोग मन्नारला आला. बिशप आपल्या पुरोहितांसह त्यापुढे गेले आणि लेखी निवेदन दिलं. तिकडे जिल्हा कार्यालयाला कच्चेरी म्हणतात. शब्द आपलाच, कचेरी. तर मुल्लैतीवू आणि किलिनोच्ची इथल्या कच्चेरींच्या नोंदींप्रमाणे ऑक्टोबर २००८ च्या सुरुवातीला वन्नी भागात, म्हणजे लढाई चालली त्या उत्तरेकडच्या मुलखात, लोक होते ४,२९,०५९. संयुक्त राष्ट्रांच्या नोंदीप्रमाणे १० जुलै २००९ पर्यंत सरकारच्या ताब्यातल्या भागात आले २,८२,३८०. उरले १,४६,६७९. बिशपांनी विचारलं, या लोकांचं काय झालं?

एवढी माणसं मारली गेली, असं ते म्हणाले नव्हते. पुष्कळांनी तसं छापलं, पण निवेदनातला शब्द जपून वापरलेला आहे. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं की तुमच्याच कचेरीच्या वहीत ही माणसं होती आणि आता ती सापडत नाहीत, तेव्हा खुलासा करा. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी त्याच वर्षी लिहिलं की अखेरच्या टप्प्यात ४० हजारांपर्यंत नागरिक मेले असण्याची शक्यता नाकारता येत नाही. आकड्यांवरून वाद झाले, अजून होतात. पण खुलासा मागणाऱ्या माणसाकडेच २०१२ मध्ये सीआयडी चौकशीला गेली. त्यांना लिट्टेचे हस्तक म्हटलं गेलं.

हे सांगताना मी चर्चला पांढरं फासणार नाही. श्रीलंकेतले कॅथलिक सिंहली आहेत तसे तमिळही आहेत. एकाच प्रभूभोजनाला बसणाऱ्या लोकांनी हे युद्ध दोन वेगवेगळी युद्धं म्हणून पाहिलं. उत्तरेतले फादर माणसांची नावं लिहीत होते, तेव्हा दक्षिणेतल्या अनेक चर्चमध्ये विजयाची घंटा वाजली. मला त्याचं दुःख होतं. आणखी एक गोष्ट. १९९० च्या ऑक्टोबरमध्ये लिट्टेने उत्तर प्रांतातल्या साऱ्या मुसलमानांना, सुमारे पाऊण लाख माणसांना, हाकलून दिलं. जाफना शहरातल्यांना तर अवघ्या दोन तासांची मुदत होती. मन्नारची वही त्यांच्याशिवाय पुरी होत नाही.

मन्नारजवळच्या रानात मडूचं मंदिर आहे, मडूमातेचं, म्हणजे मारियामातेचं. परंपरा सांगते की १६७० मध्ये डचांच्या छळाला कंटाळून मांतईच्या वीस कुटुंबांनी ती मूर्ती घेऊन रानाचा रस्ता धरला. म्हणजे हे देवस्थानच मुळात विस्थापितांचं. १५ ऑगस्टच्या सणाला तिथे तमिळ आणि सिंहली दोघेही जमतात. युद्धकाळात हजारो लोक त्याच आवारात आसऱ्याला होते, आणि नोव्हेंबर १९९९ मध्ये तिथेही तोफगोळे पडून चाळिसेक माणसं मेली. २००८ च्या एप्रिलमध्ये लढाई दारात आली तेव्हा फादरांनी ती मूर्ती उचलली आणि उत्तरेला नेली. साडेतीनशे वर्षांत मातेला पुन्हा पळावं लागलं.

तुम्हा-आम्हाला या मुलखाशी एक जुना धागा आहे. १६८७ मध्ये डचांची नजर चुकवून, मजुराच्या वेशात, जाफन्यात उतरलेले फादर जोसेफ वाझ गोव्याचे, बाणावलीला जन्मलेले, कोंकणी बोलणारे. लपून-छपून, दोन्ही भाषा शिकून त्यांनी तिथली विखुरलेली ख्रिस्तसभा पुन्हा उभी केली. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संतपद दिलं आणि त्याच दिवशी ते मडूला गेले.

आता आपल्या कोळीवाड्याला कळेल अशी एक गोष्ट. पुनरिनच्या समोर इरणैतीवू नावाची बेटं आहेत. तिथले कॅथलिक मच्छीमार १९९२ मध्ये उठवले गेले. युद्ध संपलं, आठ-नऊ वर्षं गेली, तरी नौदल बेटावर राहू देईना. बेटावर घर आणि चर्च, आणि माणसं मात्र समोरच्या किनाऱ्यावर परकी. होडी ओढायची कुठे आणि मासळी वाळत घालायची कुठे, हे ज्याला रोज ठरवावं लागतं त्यालाच याचं ओझं कळतं. १ मे २०१७ ला ते धरण्याला बसले. वर्ष गेलं. २३ एप्रिल २०१८ ला त्यांनी होड्यांवर पांढरी निशाणं लावली आणि परवानगी न मागता बेटाकडे निघाले. वाटेत नौदल होतं. ते उतरले, पडक्या चर्चमध्ये गेले, आणि तिथून हलले नाहीत. पुढे सरकारला त्यांचं तिथे राहणं मान्य करावं लागलं.

सगळीकडे असं झालं नाही. मन्नारच्या दक्षिणेला मुल्लिकुलम गाव आहे. २००७ मध्ये ते रिकामं केलं आणि तिथे नौदलाचा तळ झाला. चर्च तळाच्या आत राहिलं. पुढे गावकऱ्यांना आत मिस्सेला येऊ देत, आणि मिस्सा संपली की ते बाहेर. घरांत नौदलाची माणसं राहत होती. वाटेत आपल्याच दाराशी दुसऱ्याचे कपडे वाळताना बघायचे आणि पुढे जायचं. २०१७ मध्ये लोक रस्त्यावर बसले, तेव्हा शंभर एकर सोडायचं नौदलाने कबूल केलं. ती घरं मात्र त्यात आली नाहीत.

रायप्पू जोसेफ १ एप्रिल २०२१ ला जाफन्यात वारले. वजाबाकीचा खुलासा त्यांच्या हयातीत झाला नाही. किलिनोच्चीत फेब्रुवारी २०१७ पासून बेपत्ता मुलांच्या आया मंडप घालून बसल्या. हातात फोटो, फोटोच्या खाली नाव. बऱ्याच जणी वाट बघता बघता गेल्या. तेव्हा त्यांचाही फोटो तिथेच, मुलाच्या फोटोशेजारी लावला.