दार घासतं खाली, दुखणं वर

(दृश्य: दार अर्धं लागतं आणि खालचा कोपरा करकरत अडतो. फरशीवर कमानीसारखा जुना ओरखडा.)

हा ओरखडा एका दिवसात उमटलेला नाही. दार हळूहळू खाली येत होतं आणि घरातली माणसं ते मुठीला धरून, किंचित वर उचलून लावायला शिकत होती. कडी आधी सहज बसायची, मग जरा जोर लावून. आता खांद्याने रेटा दिल्याशिवाय बसतच नाही.

अशा वेळी पहिला विचार येतो रंध्याचा. घासतोय ना कोपरा, मग तासून टाका. पण ही आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत झाली. दार घासतं खाली, कुलपाच्या बाजूला. बिघाड असतो त्याच्या अगदी तिरक्या समोर, वरच्या बिजागरीत.

(दृश्य: वरची बिजागरी जवळून. दार हलवलं की तिची पट्टी चौकटीपासून केसभर सुटते.)

दार म्हणजे एकाच कडेने तोलून धरलेलं ओझं. समजा, ते 25 किलोचं आहे आणि 90 सेंटीमीटर रुंद. हा भार बिजागरीपासून 45 सेंटीमीटरवर, दाराच्या मध्यातून खाली ओढत असतो. वरच्या आणि खालच्या बिजागरीत दीड मीटर अंतर असेल, तर वरची बिजागरी साधारण साडेसात किलोच्या ओढीने चौकटीतून उपटली जात असते आणि खालची तेवढ्याच जोराने चौकटीवर दाबली जात असते. दिवस असो वा रात्र. त्यात मूल मुठीला लोंबकळतं, कुणी दारामागे जड पिशव्या टांगतं. म्हणून आधी ढिले होतात ते वरचेच स्क्रू. जड दाराला तिसरी बिजागरी लावताना काही सुतार ती मधोमध न लावता वरच्या बिजागरीजवळ लावतात, ते याच ओढीसाठी.

आता हत्यार हातात घेण्याआधी दार पूर्ण लावा आणि चारी बाजूंची फट बघा. मला हे काम सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि नेमकं तेच टाळलं जातं. दार कललं असेल तर बिजागरीच्या बाजूला फट वर रुंद आणि खाली चिंचोळी दिसेल. कुलपाच्या बाजूला बरोबर उलट. डोक्यावरची आडवी फट कुलपाकडे फाकत गेलेली असेल. फट अशी तिरकी नसून कुलपाच्या बाजूला वरपासून खालपर्यंत सारखीच आवळलेली असेल, आणि हवा दमट असेल, तर दार कललेलं नाही, फुगलंय. लाकूड ओल पिऊन रुंदीत वाढतं, लांबीत जवळजवळ नाहीच. तेव्हा हवा कोरडी होईपर्यंत थांबा. फुगलेलं दार तासलं की कोरड्या दिवसांत त्याच जागी बोटभर फट पडते. एकदा तासलेलं लाकूड परत येत नाही.

(दृश्य: दाराच्या मोकळ्या कडेखाली लाकडी पाचर. ती हलकेच आत सरकते, दार वर येतं.)

दाराखाली पाचर सारून भार तिच्यावर घ्या. मगच स्क्रू आवळा, तेही हाताच्या पेचकसाने. यंत्राला जोर कळतो, लाकडाची पकड सुटलेली कळत नाही. हाताला ती लगेच कळते.

काही स्क्रू चटकन आवळले जातात आणि काम तिथेच संपतं. पण स्क्रू नुसताच फिरत राहिला, तर भोक मोठं झालंय. अशा भोकात तोच स्क्रू पुन्हा पुन्हा पिळून उपयोग नाही. तो काढा. लाकडाची गोल खुंटी, किंवा गुल मोडलेल्या आगकाड्या, लाकडाच्या गोंदात बुडवून भोकात गच्च ठोका. रात्रभर वाळू द्या. सकाळी वर आलेला भाग पटाशीने सपाट करा, स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडा आणि स्क्रू बसवा. जरा लांब स्क्रू लावला तर आणखी चांगलं. मात्र चौकटीमागे वीट-सिमेंट असेल, तर नुसता लांब स्क्रू तिथे पकड घेत नाही. त्याला भिंतीच्या भोकात बसवायचा प्लग, म्हणजे स्क्रूला पकड देणारी प्लास्टिकची नळी, लागतो.

(दृश्य: खालच्या बिजागरीमागे पुठ्ठ्याची पातळ पट्टी.)

सगळं घट्ट आहे, तरी कोपरा किंचित टेकतोय? मग खालच्या बिजागरीच्या पट्टीमागे पातळ पुठ्ठा घाला. खालची बाजू चौकटीपासून दूर सरकते आणि समोरचा कोपरा वर येतो. आपल्या मघाच्या दारात 1 मिलिमीटर पुठ्ठ्याने कोपरा सुमारे 0.6 मिलिमीटर उचलला जाईल. थोडकंच, पण बहुतेकदा तेवढंच हवं असतं.

फळ्या जोडून केलेल्या दाराची गोष्ट निराळी. तिथे बिजागऱ्या भक्कम असतात आणि दारच चौकोनाचं तिरकं होतं. त्याला मागून तिरपी पट्टी हवी. लाकडी पट्टी खालच्या बिजागरीपासून निघून कुलपाकडच्या वरच्या कोपऱ्याला जायला हवी, म्हणजे ती दाबली जाऊन दार खालून तोलते. उलट बसवली तर ओढ नुसत्या खिळ्यांवर येते. तार लावून ओढायचं असेल, तर मात्र दिशा बदलते: वरच्या बिजागरीपासून कुलपाकडच्या खालच्या कोपऱ्याकडे. पुष्कळ फाटकांवर लाकडी पट्टी उलटी ठोकलेली दिसते आणि दर वेळी जीव चुटपुटतो.

चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून भिंतीत तिरपी भेग गेली असेल आणि ती वाढत असेल, तर ते दाराचं काम नाही. इमारत तपासणाऱ्या इंजिनिअरला बोलवा.

एवढं करूनही एखादी जागा अडलीच, तर दाराच्या कडेला खडू फासा, दार लावा, उघडा. खडू चौकटीवर जिथे उमटेल, त्याच जागी दाराची कड, आणि तेवढीच, तासा.

(दृश्य: पाचर निघते. दार लागतं. कडी एका बोटाने बसते. कॅमेरा फटीवरून वरपासून खालपर्यंत सावकाश उतरतो. प्रकाशाची रेघ सगळीकडे सारखी.)