कंसात काही नाही

(एका वाचनालयाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं हे संपादित शब्दांकन.)

नमस्कार. माईक नीट आहे ना? मागे ऐकू येतंय? येत नसेल तरी चालेल, आजच्या विषयात तेही बसतं.

आधी एक खुलासा. पत्रिकेत ‘पोस्ट-रॉक’ छापलंय, त्यावरून परवा एका ज्येष्ठ सभासदांचा मला फोन आला. मासिक प्राप्ती योजनेचे नवे व्याजदर सांगणार आहात का, म्हणाले. नाही हो. तरी ते आलेत, दुसऱ्या रांगेत बसलेत, त्यांचे आभार. पोस्ट म्हणजे इथे ‘नंतरचं’. सायमन रेनॉल्ड्स नावाच्या इंग्रज समीक्षकाने १९९४च्या सुमारास हा शब्द चालवला. गिटार, ड्रम अशी वाद्यं रॉकचीच घ्यायची, पण त्यांच्याकडून रॉकचं काम करून घ्यायचं नाही, असा त्याचा साधारण अर्थ. तबला-पेटी घेऊन बसायचं आणि लावणी म्हणायची नाही, तसं काहीसं. व्याख्या झाली. ती कोणालाच आवडत नाही, त्या प्रकारातल्या वाजवणाऱ्यांना तर मुळीच नाही.

मी बोलणार आहे एकाच अल्बमबद्दल. आइसलँडच्या ‘सिगुर रोस’ या तेव्हाच्या चौघांच्या बँडचा, ऑक्टोबर २००२मध्ये आलेला. त्याचं नाव मला उच्चारता येत नाही, कारण त्याला नाव नाही. वेष्टनावर नुसते दोन कंस आहेत. उघडता कंस, बंद होता कंस, मध्ये काही नाही. आत आठ गाणी, त्यांनाही नावं नाहीत. सोबत पुस्तिका, तीही कोरी. सगळं मिळून सुमारे बहात्तर मिनिटं.

आता ही वस्तू मी घेतली कशी, ते सांगतो. माझा भाचा तेव्हा शिकायला बाहेर होता. त्याने फोनवर सांगितलं, मामा, कंसवाली सीडी मिळाली तर सोडू नकोस. इम्पोर्टेड सीड्या ठेवणारं एक दुकान होतं, नाव सांगत नाही, मालक सज्जन होते. मी विचारलं, सिगुर रोस आहे का? आहे. कुठला अल्बम? म्हटलं, नाव नाही. ते म्हणाले, नाव नाही म्हणजे तुम्हाला आठवत नाही. म्हटलं, नाही हो, त्यालाच नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं आमच्या खात्यात आम्ही कोऱ्या अर्जाकडे पाहतो. पण सीडी निघाली. त्या काळात साडेपाचशे रुपये. घरी येऊन सांगितले तीनशे.

रात्री लावली. पहिली चार गाणी झाली आणि सीडी बंद पडली. काटा नाही, खरखर नाही, काही नाही. मी उठलो, प्लेअरवर थापटी मारली. ते सुरू झालं. म्हटलं, सैल असेल काहीतरी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच बंद, पुन्हा थापटी, पुन्हा सुरू. चार दिवस मी त्या प्लेअरला थापट्या मारत होतो आणि माझ्या थापटीने तो चालतोय अशी माझी पक्की समजूत होती. मी इंजिनिअर आहे, हे इथे सांगायला हवं.

शेवटी सीडी घेऊन दुकानात गेलो. मालकांनी तिथल्या प्लेअरवर लावली. चौथं गाणं संपलं, शांतता. मी म्हटलं, बघा. तेही म्हणाले, हो, डिफेक्ट आहे. आणि शिवाय, त्यांनी पुस्तिका उघडून दाखवली, छपाईही झालेली नाही. आम्ही दोघं चरफडत, त्या परदेशी कंपनीला नावं ठेवत उभे, तेवढ्यात पाचवं गाणं आपलं आपण सुरू झालं. कोणी थापटी मारली नव्हती. तिथे एक मुलगा सीड्या चाळत होता. तो मान वर न करता म्हणाला, “काका, ते छत्तीस सेकंद मुद्दाम आहेत.”

तर, मुद्दाम आहेत. अल्बमचे दोन भाग आहेत. पहिली चार गाणी त्यातल्या त्यात उजेडातली, पुढची चार अंधारातली, आणि मध्ये छत्तीस सेकंद काही नाही. पुस्तिकाही कोरी मुद्दाम. ऐकणाऱ्याने आपल्याला जे वाटेल ते त्यात लिहावं, अशी कल्पना. योन्सी हा त्यांचा गायक सेलोच्या गजाने गिटार वाजवतो, त्यामुळे गिटार सारंगीची चुलत बहीण वाटते. आणि तो गातो ते शब्द नव्हेत. आइसलँडिक नाही, इंग्रजी नाही, कुठलीच भाषा नाही. त्या उच्चारांना त्यांनी ‘वोनलेन्स्का’ म्हटलंय, म्हणजे आशेची भाषा म्हणा. भाषा म्हणायला तिला व्याकरण नाही, शब्दकोश नाही. संपूर्ण अल्बमभर दोन-चार अक्षरसमूह फिरून फिरून येतात.

ती परत आणलेली सीडी मी एका रविवारी लावली होती. आई जमिनीवर बसून मेथी निवडत होती. थोडा वेळ ऐकून म्हणाली, “अरे, ही बाई आहे की बाप्या?” म्हटलं, बाप्या. “काय म्हणतोय?” म्हटलं, काही नाही, त्या शब्दांना अर्थच नाही. तिने एक काडी मोडली आणि म्हणाली, “मग अडगुलं मडगुलंला कुठे असतो?”

मी पुढची वीस वर्षं या वाक्यावर काढली आहेत. आजचं व्याख्यानही त्याचंच आहे, मानधन तिला जायला हवं. मानधन आहे ना?

बघा, आपल्याकडे हे काही नवीन नाही. पोवाड्यातलं ‘जी रं जी जी’ घ्या. ध्रुपदातली नोमतोम घ्या, आग्र्याच्या फैयाज खाँसाहेबांनी ती ख्यालाच्या आधी गाऊन गाजवली. तराणा तर सगळा दिर दिर तोम तननवर उभा. पण आपल्याला निरर्थक सहन होत नाही, हेही खरं. तराण्याच्या बोलांमध्ये फारसी अर्थ दडलेला आहे, असं अमीर खाँसाहेब मानत आणि त्या शोधात त्यांनी बरीच मेहनत घेतली. मला त्यांच्याविषयी अपार आदर आहे. पण तो अर्थ सापडला म्हणून मला त्यांचा तराणा एक मिलिमीटर जास्त आवडलेला नाही.

आणि एक तक्रार. आवडती तक्रार आहे, दोन मिनिटं द्या. या बँडवर कोणीही काहीही लिहिलं की पहिल्या परिच्छेदात हिमनदी येते. हिमनदी, ज्वालामुखी, उत्तरेचा प्रकाश. म्हणजे भीमसेनजींचं गाणं ऐकून कोणी लिहावं की यात गदगची काळी माती आणि ज्वारीचं पीक दिसतं. अहो, त्यांनी गुरूच्या घरी पाणी भरलं, रियाझ केला, त्याचं काही? हा अल्बम हिमनदीवर रेकॉर्ड झालेला नाही. राजधानी रेक्याविकजवळ आलाफॉस नावाचं, लोकरीच्या गिरणीचं जुनं गाव आहे, तिथल्या पोहण्याच्या तलावात झालाय. १९३०च्या दशकात बांधलेला बंदिस्त तलाव. तो या लोकांनी घेतला आणि स्टुडिओ केला. स्टुडिओचं नाव ‘सुंडलॉइगिन’, अर्थ काय तर ‘पोहण्याचा तलाव’. इतकं सरळ. अल्बमला नाव द्यायचं नाही, पण तलावाला तलावच म्हणायचं, ही माणसं मला आवडतात.

आणि इथे मी आपसूक माझ्या धंद्यात येतो, कारण मी आयुष्यभर पाण्याच्या टाक्या बांधल्या. जमिनीवरची दहा लाख लिटरची टाकी. गळती बघायला भरतात, मग रिकामी करतात. रिकाम्या टाकीत शिडीने उतरलात आणि खोकलात, तर तो खोकला टाकीत फिरत राहतो. सगळीकडे घोटलेलं सिमेंट, आवाज शोषायला काही नाही. एकदा एक बाई खाली तळ झाडत होती आणि ओवी म्हणत होती. मी वर झाकणापाशी उभा. मला एक शब्द कळला नाही. एकसुद्धा नाही. पहिल्या ओळीची शेपूट विरायच्या आत दुसरी ओळ तिच्यावर चढत होती आणि वर येत होतं ते नुसतं आ, ई, ओ. मी हातातलं मोजमापाचं पुस्तक मिटलं आणि उभा राहिलो. कंत्राटदाराला वाटलं मी काहीतरी चूक पकडली. तो घाबरून म्हणाला, साहेब, परत प्लास्टर मारतो.

(कार्यवाह चिठ्ठी देतात.) पंधरा मिनिटं? पाच? एक आहे की पाच? पाच. साडेसातला हॉल रिकामा करायचा आहे, साखरपुडा आहे. बरं. मी पत्रिकेत तीन मुद्दे कबूल केले होते, ‘शब्दांवाचून गहिवर का येतो’ या खाली. आता पळतो.

पहिला मुद्दा, घुमणं. टाकीत काय झालं, तर व्यंजनं बुडाली. क, ट, प हे क्षणाचे पाहुणे, घुमणाऱ्या जागेत ते एकमेकांत कालवून जातात. उरतात ते स्वर. आणि आपली भाषा किती शहाणी आहे बघा, अ-आ-इ-ई यांनाही आपण स्वर म्हणतो आणि सा-रे-गलाही स्वरच. व्यंजन म्हणजे मात्र तोंडी लावणं! योन्सीने उलटं केलंय. घुमून घुमून शब्दांचं जे व्हायचं, ते त्याने आधीच करून ठेवलं. त्यात यंत्रांची करामतही भरपूर आहे, नाकारत नाही. हार्वर्डमध्ये १८९५ साली वॉलेस सबीन या भौतिकशास्त्रज्ञांकडे एक सभागृह सुधारायला सोपवलं होतं. बोललेला शब्द तिथे साडेपाच सेकंद घुमायचा, कोणाला काही कळायचं नाही. ते रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून एकेक मांडत, ऑर्गनची नळी वाजवत आणि घड्याळ बघत. त्यातून आवाज किती वेळ घुमेल याचं आजचं सूत्र निघालं. सबीनना शब्द वाचवायचे होते. या चौघांना ते घालवायचे होते. सूत्र एकच.

दुसरा मुद्दा, चढण. तिसरं गाणं घ्या, त्यात गायन नाहीच. ऑर्गनवर एक छोटी सुरावट येते, मग पियानो तिला धरतो, आणि तीच, तीच, तीच. तुम्ही म्हणाल कंटाळा. दोन मिनिटं खरंच येतो. मग कान पुढचं ओळखायला लागतो आणि ओळखलेलं आलं की सुखावतो. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११मध्ये दाखवलं की आवडत्या संगीताने अंगावर काटा येतो तेव्हा मेंदूत डोपामाइन हे सुखावणारं रसायन सुटतं, आणि काटा यायच्या आधी, नुसती वाट बघतानाही सुटतं, मेंदूच्या वेगळ्या भागात. आता आठवं गाणं. पावणेबारा मिनिटं. सुरुवातीला गिटार दोन पावलं टाकते आणि थांबते. ड्रम दबलेले. तुम्हाला कळलेलं असतं की हे फुटणार आहे, पण ते फुटत नाही, फुटत नाही, आणि शेवटच्या काही मिनिटांत त्यांचा ड्रमर ओर्री ड्रमवर असा तुटून पडतो की स्पीकरची जाळी थरथरते. विलंबितातून द्रुतात जाणं आपल्याला ठाऊक आहे, फक्त तिथे वाटेत तिहाई येते, दाद द्यायला जागा असते. इथे दाद द्यायला जागाच ठेवलेली नाही, म्हणून ते सगळं आत साठतं आणि डोळ्यांवाटे येतं. शास्त्र नाही हे, माझं मत आहे. सातवं गाणं तेरा मिनिटांचं, त्याला बँडमध्ये टोपणनाव आहे ‘मरणाचं गाणं’. ते मी एकट्याने ऐकत नाही. पुढे.

कोरी पुस्तिका राहिली. मला वाटलं होतं मी त्यात काहीतरी लिहीन. कविता वगैरे. महिनाभर पेन घेऊन बसलो. एक दिवस उघडली तर आईच्या पेन्सिलीने लिहिलेलं: ‘३ तारीख – दूध अर्धा लि. जास्त. ७ – नाही. ८ – नाही. ११ – आंबट निघालं, पैसे कापणे.’ मी ओरडलो. ती म्हणाली, कोरंच होतं की. ती पुस्तिका इथे आणली आहे, नंतर बघा, पण पाकिटातून काढू नका. योन्सीला दाखवली तर त्याला आवडेल असं मला वाटतं. वाणसामानाची यादीही आहे मागे.

तिसरा मुद्दा, शांतता. त्याला आता वेळ नाही. साखरपुड्याची मंडळी दारात दिसतायत, या, बसा, फुकट आहे. पत्रिकेत ‘प्रात्यक्षिक’ असंही छापलं होतं. आठवं गाणं वाजवायला पावणेबारा मिनिटं लागतील, ती नाहीत. तर या अल्बममधला सगळ्यात छोटा तुकडा वाजवतो. चौथ्या गाण्याचं शेपूट लावतो, त्याच्या पुढे जे येईल ते ऐका. पंखे बंद करता का? राहू द्या, पंखे असू द्या.

(इथे ध्वनिमुद्रणात चौथ्या गाण्याचा शेवट ऐकू येतो. मग पंखे, बाहेर कपबश्या, कोणाच्या तरी बांगड्या. एकोणीस सेकंद झाल्यावर दुसऱ्या रांगेतून आवाज: “बंद पडलं का हो?”)